राजाच्या काठीची मूठ

१

राजाची काठी जेवणाच्या सुट्टीत गेली. तेव्हा इंग्लंडची अर्धी संसद जिन्यात बसून मसालेभात खात होती आणि उरलेली अर्धी समोरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफीसाठी रांगेत उभी होती. पाच वाजता नाटक होतं.

मी या नाटकाची प्रॉम्प्टर, संपदा कर्णिक. पोटासाठी एका विमा कंपनीच्या टोकियो शाखेत दावे तपासते. जळलेली गोदामं, भिजलेले कंटेनर, चोरीला गेलेले आणि मग माळ्यावर सापडलेले दागिने. वर्षानुवर्षं लोकांच्या थापा ऐकून माणूस चिडत नाही, नुसता दमतो. रविवारी तरी कुणी माझ्याशी खोटं बोलू नये, म्हणून मी निशी-कसाई या टोकियोतल्याच भागातल्या मराठी मंडळात विंगेत बसून दुसऱ्यांचे संवाद पुटपुटते. पण नशीबच दळभद्री असेल तर विंग तरी काय करणार.

"काठी चोरीला गेलीय," चंद्रहास पेंडसे समोर येऊन म्हणाला. अंगावर वकिलाचा काळा झगा, हातात अर्धी खाल्लेली ओनिगिरी, म्हणजे इथला भाताचा गोळा. "आणि कुणी नेली ते मला माहितीये."

चंद्रहास आमच्या मंडळाचा सचिव, आणि नाटकही त्यानेच लिहिलेलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात चार्ल्स नावाचा राजा होता. राजाला अधिकार देव देतो, लोकांनी मधे बोलायचं काम नाही, असं त्याचं ठाम मत. अकरा वर्षं त्याने संसद बोलावलीच नाही. शेवटी लढाई झाली, राजा हरला, संसदेतल्या विरोधकांनी त्याच्यावर खटला भरला आणि त्याचं मुंडकं उडवलं. आता योगायोग बघा. आमचे अध्यक्ष विनायकराव सबनीस यांनीही अकरा वर्षं मंडळाची सर्वसाधारण सभा बोलावलेली नाही. चंद्रहासला काय म्हणायचंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. विनायकरावांनी नाटक वाचलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "राजा मी करतो."

काठी त्यांचीच होती, वडिलांची. शिसवी, वर चांदीची मूठ. खटल्याच्या प्रसंगात राजा सरकारी वकिलाच्या खांद्यावर काठी टेकवून त्याला थांबवतो आणि नेमकी तेव्हाच मूठ निखळून पडते. राजा थांबतो. जन्मभर त्याच्या हातून काही पडलं की कुणीतरी उचललेलं. आज कोणी हलत नाही. शेवटी राजा स्वतः वाकतो आणि मूठ उचलतो. हे खरंच असं घडलं होतं म्हणे.

विनायकरावांना हा प्रसंग नको होता. तालमीत दर वेळी ते "हे आयत्या वेळी करू" म्हणत पुढे जायचे. मग "काढूनच टाका, नाटक लांबतंय" म्हणाले. चंद्रहासने मत घेतलं, आणि कार्यकारिणीने पहिल्यांदाच अध्यक्षांच्या विरोधात हात वर केले. प्रसंग राहिला आणि आता काठीच नाहीशी झाली.

"कुणी नेली?" मी विचारलं.

"नेत्राने. मी स्वतः पाहिलं. ओढणीत गुंडाळलेलं लांब काहीतरी घेऊन मागच्या दाराने गेली. विचारलं तर तोंड उघडत नाही. मी ओकुदा-सानना सांगितलंय. चारला ते पोलिसांना बोलावणार."

२

ओकुदा-सान या हॉलचे व्यवस्थापक. सभ्य माणूस, पण त्यांच्याकडे नियमाला पळवाट नसते. सकाळी हॉल ताब्यात घेताना विनायकरावांनी त्यांच्या कागदावर आपला हांको उमटवला होता. इथे सहीऐवजी प्रत्येकाचा नावाचा शिक्का असतो, तो. आता तक्रारीचा कागदही तयार झाला होता. काठीच्या मालकाने खाली सही केली की काम झालं.

नेत्रा घाटगे आमची वेशभूषा सांभाळते. एरवी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी साताऱ्यात. त्यांना इकडे आणण्याचे कागद तिने शरद ऋतूत दिले होते आणि उत्तर अजून यायचं होतं. नुसती चौकशी झाली म्हणून कुणाचा व्हिसा अडतो का, ते मला ठाऊक नाही. तिलाही नव्हतं. आपल्या लोकांना पोलीस हा शब्दच पुरतो, आणि तिच्या ऑफिसला फोन गेला असता तर पुढे काय, याचा विचार करून तिचा चेहरा पांढरा पडला होता.

कपड्यांच्या खोलीत ती राजाच्या कॉलरला इस्त्री करत बसली होती. खोली तातामीची, म्हणजे जमिनीवर गवताच्या चटया. पाहुण्यांच्या उशा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या.

"ओढणीत काय होतं, नेत्रा?"

"काही नाही, संपदाताई."

"चारला पोलीस येतील."

"येऊ देत." हात थांबले नाहीत. कॉलर एव्हाना करपायची बाकी होती.

मी तिथेच टेकले. दावे तपासणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा बसण्याची सवय जास्त असते. बसल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. खोलीत तिळाच्या तेलाचा वास होता. आणि एक उशी रचलेल्या ढिगात नव्हती. ती खिडकीखाली कोपऱ्यात होती, जिथे कुणी मुद्दाम जाऊन बसणार नाही. मी ती उचलली. खाली तातामीवर लिंबाएवढा काळा डाग होता.

"समई लावलीस?"

तेव्हा मात्र ती रडली. नटराजाची पूजा केल्याशिवाय नाटक कसं उभं करायचं, ताई, म्हणाली. मागल्या वर्षी आपण मागच्या पायरीवर नारळ फोडला, तेव्हा ओकुदा-सान बादली घेऊन धावत आले होते. म्हणून यंदा विनायकरावांनी पूजाच बंद केली. तिला ते बघवेना. सगळे जेवायला गेल्यावर तिने एकच वात लावली. जळती वात तेलासकट खाली पडली.

"सांगितलं तर हॉल जाईल आपला. माझ्यामुळे. मग गणपती कुठे बसवायचा?"

समई कुठे आहे ते बघायला आम्ही पुढच्या दाराने बाहेर गेलो. तिच्या सायकलच्या बास्केटमध्ये ओढणी होती, ओढणीत समईचे सुटे भाग, अजून तेलकट. म्हणजे चंद्रहासने पाहिलं ते खरं होतं आणि समजला ते खोटं.

परत येताना मी दारात बूट काढले. इथे बुटांचं कपाट आहे, शेजारी कुलपं असलेला छत्र्यांचा स्टँड. छत्री खाचेत ढकलायची, चावी काढून घ्यायची. तीन आठवडे टोकियोत थेंब पडला नव्हता. स्टँडमध्ये एकच लांब काळी छत्री होती. विनायकरावांच्या नावाच्या खणात बिननाडीचे, चपटे बूट होते. मला आश्चर्य वाटलं, कारण या माणसाने नाडीचे चकचकीत बूट सोडून दुसरं काही घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कुणाला सांगू नका, ताई," नेत्रा म्हणाली.

"मग चोर कोण म्हणून सांगू?"

तिने आपले बूट खणात नीट जुळवून ठेवले. स्वतःसाठी खोटं बोलणाऱ्यांना मी चुटकीसरशी पकडते. दुसऱ्यांसाठी गप्प बसणाऱ्यांनी मात्र मला नेहमी थकवलंय.

३

प्रसंग नको होता तो राजाला, हे उघड होतं. म्हणजे काठी राजानेच लपवली, असं कुणीही म्हणेल. पण मला ते पटत नव्हतं. विनायकरावांना प्रसंग करायचा नव्हता तर स्टेजवर तो गाळता आला असता. चालू नाटकात राजाला कोण अडवणार? अकरा वर्षं ज्याला कुणी अडवलं नाही, त्याने चोरासारखी स्वतःच्या बापाची काठी का लपवावी?

मग चंद्रहासने लपवली असेल का, राजाला बदनाम करायला? तसं असतं तर त्याने बोट राजाकडे दाखवलं असतं. नेत्राशी त्याचं काही वैर नव्हतं. तो फक्त मनापासून चुकत होता. संसदेच्या बाजूचे लोक बहुधा तसेच असतात.

मी अरुणावहिनींकडे गेले, म्हणजे विनायकरावांच्या पत्नीकडे. त्या थर्मास उघडून बसल्या होत्या.

"चहा घे गं. हे काही घेत नाहीत हल्ली. कोन्बिनीतली बर्फाची कॉफी लागते, झाकणाची, वर नळी खोचलेली. या थंडीत."

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होते ते?"

"इथेच. मी त्यांचे दोन्ही शर्ट चढवत होते. मधे एकदा हे दारापर्यंत जाऊन आले."

दोन शर्ट नाटकातलेच. वधाच्या सकाळी राजा दोन शर्ट मागतो. जानेवारीची थंडी, आपण कापलो तर लोकांना वाटेल भीतीने कापतोय. पण ते शेवटच्या अंकात.

"पहिल्या अंकापासूनच दोन?"

"थंडी वाजते म्हणतात."

"बटणं तुम्ही लावता?"

अरुणावहिनींनी थर्मासचं झाकण फिरवलं. ते बसलं होतं तरी पुन्हा फिरवलं. "नवऱ्याची बटणं लावली तर बिघडलं काय?"

काहीच बिघडत नव्हतं. पण थंडी वाजणारा माणूस बर्फाची कॉफी पीत नाही. झाकण आणि नळी असली की कप तोंडाला लावावा लागत नाही, आणि बर्फाची कॉफी सांडली तरी भाजत नाही. नाडीचे बूट सोडून बिननाडीचे आले होते. मग मला आठवलं की विनायकरावांची सही म्हणजे मंडळात कौतुकाची गोष्ट, वेलबुट्टी काढावी तशी. आणि अलीकडे ती मी कुठेच पाहिली नव्हती. सगळीकडे हांको. या देशात सगळेच शिक्का मारतात, सगळेच बिननाडीचे बूट घालतात, सगळेच झाकणाच्या कपातून पितात. इथे हात लपवायला फार सोपं आहे.

मला उत्तर मिळालं, आणि नेहमीसारखाच त्याचा काही आनंद झाला नाही. चार वाजत आले होते. मी ओकुदा-सानकडून तक्रारीचा कागद मागून घेतला आणि राजाच्या खोलीत गेले.

४

विनायकराव आरशासमोर बसले होते. दाढी टोकदार, खांद्यावर लेस, डोळ्यांखाली मेकअपच्याही खाली जागरण. हात मांडीवर, एकावर एक.

"हा कागद. नेत्राने काठी नेली अशी तक्रार. तुमची सही हवी."

"ठेव तिथे. हांको मारतो."

"हांको नको. पोलिसांचं काम आहे. सही करा." ओकुदा-सानना हांको चालला असता. मी धडधडीत खोटं बोलत होते. रविवार असूनही.

मी पेन पुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

"विनायकराव, पहिल्या अंकात स्ट्रॅफर्ड येतो," मी म्हणाले. "राजाचा सगळ्यात इमानी मंत्री. राजा त्याला शब्द देतो, तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही. आणि संसदेने डोळे वटारल्यावर त्याच्या मृत्यूच्या कागदावर सही करतो. तालमीत तुम्ही ते वाक्य म्हणता तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ते नुसतंच वाक्य आहे का?"

"पोलीस वगैरे होईल असं वाटलं नव्हतं गं," ते हळू म्हणाले. "वाटलं, शोधतील, मिळणार नाही, प्रसंग गळेल. संपलं."

"आणि नेत्राचं नाव आल्यावर?"

त्यांनी आरशावरून मान फिरवली.

"छत्रीची चावी द्या," मी म्हणाले. "तीन आठवडे पाऊस नाही, तरी दारात एक छत्री कुलपात आहे. मिटलेल्या लांब छत्रीच्या घडीत काठी सहज बसते. छत्र्यांच्या स्टँडमधल्या छत्रीकडे कोण बघतं? मूठ पडणं तुम्ही स्टेजवर गाळू शकला असतात. पण वकिलाला थांबवायला काठी हातात घ्यावीच लागली असती. चंद्रहासच्या खांद्यावर ठेवावी लागली असती, आणि ती त्याच्या खांद्यावर वाजली असती."

त्यांनी वरचा हात उचलला. खालचा हात एकटा पडला तसा थरथरायला लागला. थंडीने नाही.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. अरुणाला माहितीये, आणि आता तुला. मला म्हातारा म्हणून काढलं असतं तर चाललं असतं, संपदा. भांडून काढलं असतं तरी चाललं असतं. बिचारा म्हणून नको होतं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण मग नेत्रा ओढणीत काय घेऊन गेली?"

मी सांगितलं. समई, वात, लिंबाएवढा डाग, आणि हॉल जाईल म्हणून ती मुलीचं येणं पणाला लावून गप्प बसलीय ते. विनायकरावांनी हात पुन्हा एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "बुटात आहे चावी. उजव्या."

५

त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, राजाच्या वेशातच. "काठी मी छत्रीत ठेवली होती. चूक माझी. नेत्राची मी माफी मागितलीये. चंद्रहास, तूही माग." कारण सांगितलं नाही.

चंद्रहासने नेत्राची माफी मागितली, मान खाली घालून. मग वर बघून म्हणाला, "अकरा वर्षं हेच चाललंय तुमचं, साहेब. मनाला येईल ते करायचं आणि आम्हाला नंतर सांगायचं." ते खरंच होतं.

विनायकराव तसेच ओकुदा-सानकडे गेले आणि कमरेत वाकले, इथले लोक वाकतात तेवढे खोल. मी आणि नेत्रा मागे उभ्या होतो. तातामी जळली आहे, म्हणाले, दिवा आमच्या मंडळाने लावला, अध्यक्ष मी आहे, म्हणजे मीच लावला. नेत्रा पुढे होऊन काही बोलणार तर त्यांनी पाठीमागे हात करून तिला थांबवलं. ओकुदा-साननी डाग पाहिला, दातांमधून लांब श्वास आत ओढला आणि सांगितलं की सहा महिने ही खोली मिळणार नाही. हॉल मिळेल. नाटक संपल्यावर कागद भरावा लागेल.

तिसरी घंटा झाली.

खटल्याचा प्रसंग दुसऱ्या अंकात. चंद्रहास सरकारी वकील, आवाज चढलेला, आज तर खराखुरा चिडलेला. राजाने काठी उचलली. ती वकिलाच्या खांद्यावर टेकली आणि वाजू लागली, बारीक, लाकडावर नख वाजावं तशी. प्रेक्षकांना वाटलं अभिनय. मूठ निखळली आणि घरंगळत दोघांच्या मधे जाऊन थांबली.

माझ्या हातातल्या संहितेत लिहिलं होतं, कोणीही हलत नाही. कोणी हललं नाही. राजा वाकला. बोटं मुठीपाशी गेली आणि मूठ निसटली. पुन्हा गेली, पुन्हा निसटली. समोर कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा हात पुढे गेला तेव्हा चंद्रहासने तो हात पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरून वकील उतरून गेलेला मला विंगेतून दिसला.

तो वाकला. काळा झगा सावरत गुडघ्यावर बसला, मूठ उचलली आणि दोन्ही हातांनी राजापुढे धरली, इथे आपण व्हिजिटिंग कार्ड देतो तशी. हे कुठल्याच इतिहासात नव्हतं, आणि त्याने स्वतः लिहिलेल्या नाटकात तर नव्हतंच. राजाने ती दोन्ही हातांनी घेतली. हात कापत होते आणि या वेळी त्याने ते लपवले नाहीत.

"कोणत्या अधिकाराने मला इथे आणलंत?" राजाने विचारलं. वाक्य गरजायचं होतं, ते जेमतेम ऐकू आलं.

चंद्रहासचं उत्तर नाटकातलं सगळ्यात जळजळीत वाक्य होतं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सबंध नाटकात त्या दिवशी मला एकदाच पुटपुटावं लागलं.

"इंग्लंडच्या जनतेच्या," मी विंगेतून म्हणाले.

"इंग्लंडच्या जनतेच्या अधिकाराने, महाराज," चंद्रहास म्हणाला. महाराज त्याने स्वतःचं घातलं.

राजाचं डोकं ठरल्याप्रमाणे उडालं. पडदा पडला. ओकुदा-सान कागद घेऊन आले, विनायकरावांचा हात सवयीने हांकोकडे गेला आणि परत आला. त्यांनी पेन मागितलं. सही कशीबशी झाली, लहान मुलाने काढल्यासारखी, आणि कागद सरकू नये म्हणून त्याचं दुसरं टोक चंद्रहासने धरून ठेवलं होतं.

"पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा बोलाव," विनायकराव त्याला म्हणाले. "अध्यक्ष निवडायचाय."

"एवढी काही घाई नाही," चंद्रहास म्हणाला.

"आहे."

मी संहिता पिशवीत टाकली. सोमवारी सकाळी एक जळलेलं गोदाम माझी वाट बघत होतं. नेत्रा कपडे गोळा करत होती. राजाचे दोन्ही शर्ट तिने हातात घेतले आणि थबकली.

"संपदाताई, साहेबांना थंडी वाजत होती ना? हे तर घामाने चिंब आहेत. दोन्ही."

"असू दे," मी म्हटलं. "धुऊन टाक."